मंगळवारचा चौथा, शुक्रवारचा सहावा

चित्रकलेचे नवे सर शिक्षकखोलीत शिरले, दारातल्या मोडक्या फरशीला अडखळले आणि हातातलं रंगाचं पाणी थेट गणिताच्या बाईंच्या वेळापत्रकावर गेलं. तीन दिवसांची मेहनत. सहा वर्ग, सात शिक्षक आणि प्रत्येकाचे रुसवेफुगवे सांभाळून बसवलेला तो कागद बघता बघता निळा झाला.

"आकाशासारखं दिसतंय, नाही?" सर म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. "आकाशात सातवीचा वर्ग कुठे भरतो तेवढं सांगा. मुलांना तिकडेच पाठवते."

ते हसले. हसताना गालावरचा रंगाचा ठिपका हलला... तो बाईंच्या लक्षात राहिला, आणि राहिला म्हणून त्यांचा राग आणखी वाढला.

सगळ्यांत लहान म्हणून हे काम बाईंच्या गळ्यात पडलं होतं. आता त्यांनी भिंतीवर पुठ्ठाच ठोकला आणि तासांच्या चौकटी आखून चिठ्ठ्या टाचल्या. स्वतःच्या लाल, सरांच्या पिवळ्या. आठवडाही झाला नाही तोच सरांची पहिली विनंती आली, वहीच्या फाडलेल्या कोपऱ्यावर, वळणदार अक्षरात: 'मंगळवारचा चौथा तास दुसरीकडे हलवाल का? तेव्हा पाचवीला भूक लागते, मुलं खडू चघळतात.' मग दुसरी: 'शुक्रवारचा सहावा नको. सातवीच्या खिडकीतून डोळ्यांवर ऊन येतं.'

एक तास हलवला की पाच हलायचे. बाईंच्या नाकीनऊ यायचे. कसंबसं जमवलं, की कुणीतरी रजेवर जायचं, सगळं विस्कटायचं आणि पुन्हा त्याच दोन तासांसाठी चिठ्ठी यायची.

शिवाय मोकळ्या तासाला हा माणूस समोरच बसलेला. बाई वह्या तपासायच्या, तो न सांगता त्यांच्या लाल पेन्सिलीला टोक काढून ठेवायचा.

"सर, गप्प बसायचं काय घ्याल?"

"मी तर काही बोललोच नाही."

"तेच म्हणते. इतकं मोठ्याने गप्प बसू नका."

नववीच्या मुलींना मात्र सगळं आधीच कळलेलं. सायकली लावता लावता एकीने सांगितलंच, "बाई, काल सरांनी फळ्यावर तुमचं नाक काढलं."

"नुसतं नाक?"

"हो, रागावलेलं. आम्ही लगेच ओळखलं."

परीक्षा महिन्यावर आली असताना मोठ्या सरांनी बाईंना बोलावलं. जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं होतं: ज्या शिक्षकाचे आठवड्याला अठरा तास भरत नाहीत, त्याची बदली. चित्रकलेच्या सरांचे सोळाच भरत होते. बदली म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक.

"उद्या वेळापत्रक पाठवायचंय," मोठे सर म्हणाले. "बघा, दोन तास कुठे निघतात का. नाही निघाले तर... आपला इलाज नाही."

शाळा सुटल्यावर बाई पुठ्ठ्यासमोर उभ्या राहिल्या. पीडा जाईल, उलट बरंच की, असं त्यांनी मनाला बजावून पाहिलं. मनाने दाद दिली नाही.

संपूर्ण आठवड्यात दोनच तास निघत होते. मंगळवारचा चौथा आणि शुक्रवारचा सहावा. तेव्हा सहावी आणि आठवी वाचनाच्या नावाखाली शिपाईमामांसमोर दंगा करायच्या. आणि त्या दोन तासांना अख्ख्या शाळेत मोकळे कोण? बाईंनी बोट फिरवलं. बाकी सगळे वर्गांवर. चिठ्ठ्या नव्हत्या त्या दोघांच्याच... लाल आणि पिवळी.

म्हणजे खडू, भूक, ऊन — सगळ्या थापा. आठ महिने या माणसाने...

बाईंनी दातओठ खात त्या दोन चौकटींत पिवळ्या चिठ्ठ्या टाचल्या.

"हे दोन नकोत." सर मागे कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. "दुसरे कुठलेही द्या."

"दुसरे नाहीत. हे घेतले नाहीत तर बदली होईल."

"बाई, या दोन तासांसाठी मी वीस चिठ्ठ्या लिहिल्यात."

"एकवीस."

"तुम्ही मोजल्यात?"

"ठेवल्यात," बाई म्हणाल्या आणि जीभ चावली. टेबलावरच्या त्यांच्या कंपासपेटीचं झाकण नेमकं उघडं होतं. घडी घातलेले कोपरे आत दाटीवाटीने बसले होते. "रद्दीत द्यायला."

सर त्या पेटीकडे बघत राहिले.

"मला इथून जायचं नाही," ते हळूच म्हणाले. "शाळेसाठी नाही... तुमच्यासाठी. पण हे तास गेले तर आपण भेटायचं कधी?"

सरांनी खडू उचलला आणि शनिवारच्या पुढे, पुठ्ठ्याच्या कोऱ्या कडेला, रविवारची रेघ ओढू लागले. रेघ वाकडी जात होती.

"चित्रकलेचे सर ना तुम्ही? पट्टी घ्या. वाकडी रेघ मला चालत नाही."

रेघ सरळ झाली. बाईंनी पहिल्या चौकटीत एक लाल चिठ्ठी टाचली आणि तिच्याशेजारी, जरा खेटूनच, एक पिवळी.

"रविवार, सकाळी दहा. माझ्या घरी. आई असेल, तिच्याशी नीट बोला. आणि यात बदल मिळणार नाही."

सरांनी मान डोलावली. मग खिशातून वही काढली, कोपरा फाडला, काहीतरी खरडलं आणि टेबलावर सरकवलं.

'रविवारचा तास जोडतास करून मिळेल का?'

बाईंनी कपाळाला हात लावला... आणि दुसऱ्या हाताने चिठ्ठी कंपासपेटीत टाकली.