मागच्या रांगेची घंटी

हे वाचून तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. माझ्या तोंडावरही लोक हसून झालेत. तरीही सांगते, कारण यातलं एक अक्षर खोटं नाही.

आणि रात्रबित्र काही नव्हती. भर दुपार होती. छोटं विमानतळ, लख्ख ऊन.

मी एका छोट्या खासगी विमान कंपनीत हवाई सेविका होते. मालकांचा मूळ धंदा बसगाड्यांचा. हौसेपोटी त्यांनी एक जुनं पंख्याचं विमान घेतलं आणि त्यावर कंपनी उभी राहिली. ती आमची थोरली. मग मधली आली, धाकटी आली. शेवटी एक भाड्याने आणलेली, दुसऱ्याच रंगाची आणि सारखी रुसून बसणारी. तिला सगळे जाऊबाई म्हणायचे.

थोरलीवर पहिल्या दिवसापासून माझी मावशी होती. सख्खी मावशी. मला नोकरी तिनेच लावली.

थोरलीचा, वैमानिकाशी बोलायचा आतला फोन जन्मापासून बिघडलेला. म्हणून मावशीने एक पद्धत पाडली होती. दार लागलं की ती शेवटच्या रांगेपर्यंत जायची आणि तिथली प्रवाशांची घंटी दाबायची. एकदा वाजली म्हणजे मागे सगळं ठीक, चला. दोनदा वाजली म्हणजे थांबा, हलू नका.

पुढे चांगले फोन आले, तरी मावशीने घंटी सोडली नाही. रिकाम्या खुर्चीचे पट्टेही ती एकावर एक, फुलीसारखे घालून ठेवायची. मी तिची थट्टा करायचे. "मावशी, अगं विमान आहे हे, देवघर नाही!"

ती म्हणायची, "हसून घे. तुझ्या मागे कोण बसलंय ते तुला दिसत नाही, लक्षात ठेव."

मावशी आजारपणात गेली. घंटीची पद्धत बंद झाली. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

तोवर कंपनीला घरघर लागली होती. थोरली विमानं ठेवायच्या हँगरच्या कोपऱ्यात उभी होती आणि तिचे भाग काढून बाकीच्या तिघींना लावले जात होते. धाकटीच्या शेवटच्या रांगेवरची घंटीसुद्धा थोरलीचीच. विमानांची दुरुस्ती बघणाऱ्या मेस्त्रींनी स्वतः बसवलेली.

त्या दुपारी मी धाकटीवर होते. पुढच्या रांगांत एका मोठ्या कंपनीची माणसं बसली होती. त्यांना आमची कंपनी पसंत पडली, तर सगळ्यांच्या नोकऱ्या वाचणार होत्या. मालकांनी मला बजावलं होतं, "आज काही गडबड नको गं बाई."

शेवटची रांग रिकामी होती.

दार लागलं. पंखे फिरू लागले. विमान हळूहळू धावपट्टीकडे निघालं...

टिंग... टिंग.

मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या खिडकीवरचा घंटीचा दिवा लागला होता.

तिथे गेले. कोणीच नव्हतं.

पण पट्टे...

मी घाईत ते तसेच लोंबकळत सोडले होते. आता ते नीट एकावर एक, फुलीसारखे ठेवलेले होते.

दिवा बंद केला आणि कशीबशी पुढे, माझ्या जागेवर येऊन बसले.

टिंग... टिंग.

मी कॅप्टनना फोन लावला. "सर, मागून दोनदा वाजली."

"तुम्ही दाबलीत?"

"नाही सर."

"मग मागे कोण आहे?"

"कोणीच नाही..."

कॅप्टनची निम्मी नोकरी मावशीबरोबर थोरलीवर गेली होती.

ते म्हणाले, "परत फिरतोय."

प्रवासी उतरवले. मेस्त्रींनी अंधार पडेपर्यंत धाकटीचा सांधा न् सांधा तपासला.

काहीही सापडलं नाही.

चौकशीत मी घडलं तेच सांगितलं. मोठ्या कंपनीचा एक साहेब रुमालात तोंड घालून हसला. "म्हणजे तुमची कंपनी भुताला विचारून चालते तर!" मालक मान खाली घालून बसले होते. कॅप्टन एवढंच म्हणाले, "निर्णय माझा होता."

सौदा फिसकटला. दोन महिन्यांत कंपनीला कुलूप लागलं.

त्यानंतर मला बाहेर पडायचीच लाज वाटू लागली. आमच्याच गल्लीत कंपनीतला, विमानात सामान चढवणारा एक जण राहायचा. त्याची बायको मला दुकानात भेटली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "ताई, तेवढी घंटी ऐकली नसतीत तर..." मला मान वर करवेना. कॅप्टन घरी बसून आहेत. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही, त्याचीच जास्त लाज वाटते.

मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्या दिवशी खरंच काही होणार होतं का? की मी एवढ्या लोकांच्या ताटात उगाच माती कालवली?

थोरली भंगारात तोडणार असं कळलं, तेव्हा मी हँगरवर गेले. तीही दुपारच होती. मेस्त्रींनी कुलूप काढलं आणि ते बाहेर चहा पीत बसले.

आत नुसतं टरफल उरलं होतं. बॅटरी नाही. प्रवाशांच्या खुर्च्याही नाहीत. शेवटच्या रांगेवर घंटीच्या जागी एक भोक आणि कापलेल्या तारा.

मावशीची, भिंतीला लावलेली घडीची खुर्ची तेवढी होती. मी तिच्यावर बसले आणि मला रडू फुटलं.

"मावशी, मी सगळ्यांसमोर तोंडघशी पडले गं. एवढंच सांग... काय होतं त्या दिवशी? थांबलो ते बरोबर केलं ना?"

बाहेर मेस्त्रींच्या कपाचा आवाज आला आणि थांबला...

टिंग.

त्या भोकातून.

मी पळाले. ज्या उत्तरासाठी आले होते, ते येत असताना मी माझ्या सख्ख्या मावशीकडे पाठ करून पळाले. शिडीवर गुडघा फुटला, तोही नंतर कळला.

मेस्त्री कपातच बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"किती वेळा?" त्यांनी विचारलं.

मी "एकदा" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. 'थांबा' म्हणून दोनदा वाजायची असली, तरी आधी एकदाच वाजते.

आणि दुसरीसाठी मी थांबलेच नव्हते.