निरोप न देता काढलेली फ्लॉपी

शेकोटीत आणखी एक ओंडका टाक रे, आणि ते मोबाइल खिशात घाला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नंतर घरी जाताना सोबतीला चला म्हणाल, मी येणार नाही. ही आपल्या वाल्देसीची गोष्ट आहे, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या. तो काही थापाड्या नव्हे. उलट खरं बोलबोलूनच त्याने अर्ध्या गावाशी वाकडं घेतलंय.

तेवीस जून, दोन हजार बावीस, गुरुवार. सांव जुआंवच्या सणाची आदली रात्र. आपल्याकडे जून म्हणजे भर हिवाळा, आजच्यासारखीच थंडी, चौकात मोठी शेकोटी, आलं घातलेली गरम दारू, मक्याच्या पानात उकडलेल्या गोड पामोन्या. वाल्देसी खोक्यावर बसून पहिला घोट घेतोय, तोच भरतकामाच्या कारखान्याच्या मालकीणबाई, दोना झुलमिराचा फोन. "वाल्देसी, जरा कारखान्यात ये बाबा. कॉम्प्युटर फ्लॉपी वाचत नाही, आणि त्याचा तो दिवा विझतच नाही."

दुसरं कुणी असतं तर तो म्हणाला असता, उद्या बघू. पण झुलमिराचा नवरा ओरासी म्हणजे वाल्देसीचा जिवाचा दोस्त. तीन आठवड्यांपूर्वी त्याच कॉम्प्युटरसमोर गेला. हृदय बंद पडलं म्हणे. शनिवारी त्याच्या लेकीचं, जान्दिराचं लग्न होतं. आपल्याकडे नवरीच्या चादरी-उशांवर दोघांच्या नावांची पहिली अक्षरं भरतात, तुम्हाला ठाऊकच आहे. लेकीसाठी ओरासीने ती नक्षी स्वतः काढली होती, आणि ती एवढ्या एका फ्लॉपीवर होती. फ्लॉपी वाचली नाही तर बापाची शेवटची भेट गेलीच म्हणायची. वाल्देसी पेला तसाच ठेवून उठला.

कारखान्यात झुलमिरा होती आणि होणारा जावई एव्हेर्तोन होता. हा तिथलाच, भरतकामाचं मशीन चालवणारा. पोरवयात मशीनने त्याच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट खाल्लेलं, अर्धंच उरलेलं. तरी कामाला चलाख. जान्दिरा चौकात नाचत होती. सणाला तिथे लुटुपुटीचं लग्न लावतात, त्यातली नवरी या वर्षी तीच होती.

"या डॉक्टरसाहेब, मढ्याला औषध पाजायला आलात?" एव्हेर्तोन म्हणाला. "हे लिनक्स माझ्याएवढं जुनं आहे. भंगारात घाला. मी नवा कॉम्प्युटर आणून देतो म्हणतोय कधीचा."

"याच भंगाराने तुझ्या सासऱ्याचं घर चाललं, आणि तुझंही," वाल्देसी म्हणाला आणि खाली बसला.

फ्लॉपीच्या खाचेशेजारी हिरवा दिवा एकसारखा पेटलेला. वाल्देसीला बरंच वाटलं. हा रोग त्याच्या ओळखीचा. आतली चपटी केबल उलटी लागली की दिवा असाच पेटून राहतो. डबा उघडायला म्हणून तो मागे वळला, तर स्क्रू आधीच सैल.

"हे कुणी उघडलं?"

"मीच," एव्हेर्तोन म्हणाला. "सहज बघत होतो."

"काय बघत होतास?"

"...बिघाड."

जो डबा भंगारात घाला म्हणतोय, त्याचा बिघाड कशाला बघतोय हा? वाल्देसीच्या मनात पाल चुकचुकली. केबल तर बरोबर होती. तो कीबोर्डवर बसला, हुकूम दिला. सिस्टिम म्हणाली, फ्लॉपी आत आहे, तिच्यावर काम चालू आहे.

खाच मात्र रिकामी.

आता हे नीट ऐका, कारण तुम्ही पोरं काहीही कुठूनही उपटता. त्या जुन्या सिस्टिममध्ये लिहिलेलं लगेच फ्लॉपीवर उतरत नाही. सिस्टिम ते मनात धरून बसते. काम झालं असा हुकूम दिला, की सगळं खाली उतरतं आणि मग फ्लॉपी काढायची. ओरासी त्या हुकुमाला 'निरोप' म्हणायचा. डब्यावर त्याने कागदच चिकटवला होता, 'आधी निरोप, मग हात.' कुणी विसरलं तर कामावरच्या बायकांदेखत शिव्या घालायचा.

"दोना झुलमिरा, फ्लॉपी कुठे सापडली?"

"टेबलाखाली. त्या सकाळी... तो असा मान टाकून बसलेला दिसला ना, तेव्हा. मी उचलून वर देवघरात ठेवली. कॉम्प्युटर तेव्हापासून तसाच चालू आहे, बंद करायला मन झालं नाही."

"ओरासीने नाही काढली ती. जीव जात असता तरी निरोप दिल्याशिवाय त्याने हात लावला नसता. कुणीतरी ओढून काढलीय." वाल्देसी तिच्याकडेच बघत होता. "त्याच्या आदल्या संध्याकाळी इथे कोण होतं?"

"कोणी नव्हतं," एव्हेर्तोन म्हणाला.

विचारलं झुलमिराला होतं.

ती फ्लॉपी आणायला वर गेली. तिची पावलं वाजेनाशी झाली तसा एव्हेर्तोनने सरळ विजेच्या बटणाकडे हात नेला. वाल्देसीने मनगट धरलं. एवढ्या थंडीत ते घामाने ओलं होतं.

"वेडा आहेस का? ओरासीचं शेवटचं काम याच्या मनात अडकलंय. बंद केलंस की गेलं!"

"मग जाऊ दे ना!"

ओरडलाच तो. लग्न याचं, उशी याची, आणि हाच म्हणतो जाऊ दे. वाल्देसीने मनगट सोडलं, पण त्याच्याकडे पाठ काही केली नाही.

संशय नको म्हणून त्याने ड्राइव्हची विजेची वायर उपटली. दिवा पेटलेलाच. केबलही काढली. ड्राइव्ह उचलून हातात घेतला. आता तो कशालाच जोडलेला नव्हता.

दिवा... पेटलेलाच.

 वाल्देसीने सगळं परत जोडलं. झुलमिरा आली. तिने स्वतःच फ्लॉपी खाचेत सारली.

कुणी बटण दाबलं नाही.

खर्र... खर्र... टक.

पुन्हा. खर्र...

लिहिणं चाललं होतं. बराच वेळ. मग पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं. निरोपाचा हुकूम. कीबोर्डवर हात कुणाचाच नाही. दिवा विझला.

"ओरासी?" झुलमिरा हळूच म्हणाली.

तिने डोळे पुसले. फ्लॉपी काढली, भरतकामाच्या मशीनमध्ये घातली, उशीची पांढरी खोळ ताणून बसवली. मशीन सुरू झालं. जान्दिराचं अक्षर भरलं गेलं, भोवती निळी गुलाबं. काय सुंदर! मग मशीनने धागा कापला. सुई बाजूला सरकली, आणि नुसतीच खाली-वर होत राहिली. बिनधाग्याची. टप टप टप टप. एव्हेर्तोन दाराशी जाऊन उभा राहिला होता. सुई थांबली.

तेवढ्यात जान्दिरा आत आली, डोक्यावर चौकातल्या नवरीची कागदी ओढणी तशीच. "अगं आई, तिकडे माझा शोध चाललाय..." खोळ दिसली तशी ती थबकली. "बाबाची नक्षी! पण हे काय, माझंच अक्षर? एव्हेर्तोनचं कुठाय?"

तिने शेजारच्या रिकाम्या जागेवरून हात फिरवला. बोटांना भोकं लागली. तिने खोळ खिडकीशी धरली. बाहेर शेकोटी भडकलेली, तो उजेड एकेका भोकातून आत आला.

एक हात होता. पुरुषाचा, उजवा. मुठीत एक छोटा चौकोन, फ्लॉपीएवढाच. अंगठ्याशेजारचं बोट... अर्धं.

जान्दिरा बघत राहिली. मग तिने एव्हेर्तोनच्या हाताकडे पाहिलं. त्याने तो खिशात घातला.

"जान्दिरा, ते माझं अक्षर पुसत होते, मी फक्त..."

"फक्त काय?"

तो दाराकडे वळला.

"बाबाच्या छातीत दुखत होतं तेव्हा तू इथे होतास?"

 तो दार उघडं टाकून गेला. रात्रीच्या बसमध्ये चढताना कुणीसं पाहिलं, पुन्हा या गावात दिसला नाही. शनिवारी लग्न झालं नाही.

वाल्देसी आजही एकच विचारतो. फ्लॉपी ओढली गेली, त्यानंतर ओरासीचा हात कीबोर्डवर पडलाच नाही. मग खोळीवर तो हात काढला कुणी?

ती खोळ जान्दिराकडे आहे. भरतकाम करणारं कुणीही सांगेल, सुती कापडावरची सुईची भोकं पाण्यात पडली की बुजतात. ती दर रविवारी खोळ धुते, वाळवते आणि दिव्यासमोर धरते. अजून बुजलेली नाहीत.