उजवी बाजू

फेरीबोट केरीच्या धक्क्याला लागली, पुढची फळी धाडकन खाली पडली, सगळ्या गाड्या भुर्रकन चढण चढून गेल्या... आणि क्षमाची स्कूटर तेवढी बोटीतच खोकत राहिली.

मागच्या सीटवर दोरीने आवळून बांधलेली पेटी. तेरेखोलला राहणाऱ्या चंद्रभागा आत्याची. आत्या स्वतः दुसऱ्या दिवशी बसने साखळीला यायची होती, पण बसच्या गर्दीत पेटीचे सूर चेंगरतात म्हणून ती न्यायचं काम भाचीकडे.

"अगो, गाडी काढ मगे!" खलाशी ओरडला. "का परत तेरेखोलाक जातंस?"

क्षमाने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा खोकला. तेवढ्यात मागून कुणीतरी आलं, स्कूटरपाशी उकिडवं बसलं आणि मान वाकडी करून डावा कान इंजिनाला लावला — डॉक्टर लेकराच्या छातीला लावतो तसा.

"पेट्रोल पोचत नाही," तो म्हणाला. "नळीत कचरा आहे." नळी सोडवली, फुंकली, परत बसवली. स्कूटर शहाण्यासारखी सुरू झाली. हरमलला पर्यटकांच्या गाड्या दुरुस्त करणारा मुलगा होता तो. बोटांना ग्रीस, कपाळावर घाम, आणि हसला की डोळे आधी हसायचे.

"कुठवर जायचंय?"

"साखळी," क्षमा मास्कच्या आतून म्हणाली.

"काय?" म्हणत तो वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आला. ती वळली. तो पुन्हा उजवीकडे. ती आणखी वळली. तो पुन्हा... खलाशी हसायला लागला. "फुगडी घालतात काय रे बोटीत?"

"जरा तो मास्क खाली कराल?" तो अगदी सरळपणे म्हणाला.

क्षमाचे कान तापले. "थँक्यू," एवढंच तोडून तिने स्कूटर दामटली. बघ्या कुठला!

करोनाची साथ केव्हाच सरली होती. साखळीत आता कुणी मास्क लावत नव्हतं. लावत होती ती एकटी क्षमा. औषधाच्या दुकानात काम, तेव्हा कुणी का म्हणून विचारत नसे. पण मास्कमागे आजार नव्हता. उजव्या गालावर, कानापासून ओठाच्या कडेपर्यंत, पिकल्या रातांब्याच्या लालजांभळ्या रंगाची जन्मखूण पसरली होती. शाळेत तिला 'सांडलेली शाई' म्हणत. म्हणणारे विसरले असतील. गाल विसरला नव्हता.

मास्क उतरायचा तो फक्त कीर्तनात आणि त्याच्या सरावात.

क्षमाचे वडील परशुराम कीर्तनकार होते, ख्रिस्ती कीर्तनकार. खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या, आणि कथा येशूची. आजरा, गडहिंग्लज, बेळगावकडून खाणीत नि कारखान्यांत कामाला आलेली दहा-बारा मराठी ख्रिस्ती कुटुंबं साखळीच्या भाड्याच्या हॉलमध्ये रविवारी जमत, आणि परशुरामबाबांनी सूर लावला की पंख्याचा आवाजसुद्धा अदबीने हळू होई. असं कीर्तन ज्याने ऐकलं नाही त्याला काय सांगावं! उपदेश म्हणून जे कानाबाहेर राहतं, तेच चालीत बसलं की थेट काळजात जाऊन बसतं.

बाबांच्या मागे उभं राहून क्षमा झील धरायची, म्हणजे बाबांची ओळ उचलून परत गायची. आवाज असा, की म्हातारी माणसं डोळे मिटून घेत. आणि मिटलेलेच डोळे तिला हवे असत.

"ईस्टरनंतरच्या रविवारी उत्तररंग तू लाव," बाबा कितीदा म्हणाले होते. "येशूच्या त्या शंकेखोर शिष्याची, थोमाची कथा. पुढे उभी राहून सांग. माझ्यानंतर हे कोण चालवणार, पोरी?"

"मागून गाते ना मी? ते पुरे आहे देवाला."

"देवाला पुरे असेल गं," बाबा हसत. "मला नाही."

त्या शनिवारी सरावाला नवा तबलजी यायचा होता. विठूतात्यांचे हात आता थरथरत, त्यांनीच एक पोरगा सुचवला होता. क्षमा चहा घेऊन आली, तर चटईवर ग्रीसचे हात साबणाने घासून घासून लाल केलेला — तोच! बोटीवरचा!

"हा प्रज्योत," बाबा म्हणाले. "मूळचे आपल्याच बाजूचे हे. आजोबा आजऱ्याचे."

"पेटी नीट पोचली म्हणायची," प्रज्योत म्हणाला. डोळे आधी हसले.

कीर्तनकाराच्या उजव्या हाताला तबला, डाव्या हाताला पेटी, ही रीतच. विठूतात्या मान खाली घालून वाजवायचे, त्यामुळे कधी प्रश्न आला नव्हता. हा मात्र मान वर करून, मागे उभ्या क्षमाकडे बघत वाजवायचा. आणि बसायचा उजवीकडे. गालाच्याच बाजूला. बोटं मात्र काय सुंदर पडत होती! शब्दाच्या आधी नाही, नंतर नाही... शब्दाला हात धरून ओट्यावरून उतरवावं, तशी.

तरी तिने धीर करून सांगितलंच. "तुम्ही डावीकडे बसाल का? आत्या इकडे बसेल."

"माझी पेटी कशाला हलवतेस गं?" आत्या करवादली. "चाळीस वर्षं मी डावीकडे बसत्येय!"

प्रज्योतने उजवा कान चोळला. "बसतो," म्हणाला आणि तबला-डग्गा उचलून पलीकडे गेला.

पुढच्याच आठवड्यात हरमलला एका घरी ईस्टरआधीच्या उपवासकाळातलं कीर्तन होतं, आणि तिथे सगळं फिसकटलं. क्षमाने झील उचलली नि ठेका मागे राहिला. बाबा थांबले, तर तबला पुढे गेला. समेवर यायच्या जागी प्रज्योतची बोटं चाचपडत हवेतच राहिली. "आज तबल्यालाही उपवास आहे मंडळी," बाबांनी हसून सावरून नेलं, पण घामाने प्रज्योतचा सदरा पाठीला चिकटला होता.

कीर्तनानंतर तो घरामागे काजूच्या झाडाखाली उभा होता. खाली पडलेल्या बोंडांचा आंबूस-गोड वास दाटलेला. क्षमा तणतणत गेली. मास्क घालायचं विसरून, मनगटाला अडकवून.

"सरावाला इतकं छान वाजवता, आणि लोकांसमोर —"

"मला उजव्या कानाने ऐकू येत नाही," तो म्हणाला.

ती थांबली.

"लहानपणी गालगुंड झालं होतं. तेव्हापासून बंद. डावीकडे बसलो की तुमचा सूर सगळा उजव्या कानावर येतो. भिंतीवर पडावा तसा." तो ओशाळं हसला. "म्हणून मी लोकांच्या उजव्या बाजूला जातो. माझा डावा कान त्यांच्याकडे राहतो. आणि ओठ दिसले तर आणखी बरं."

"म्हणजे... बोटीवर..."

"बोटीचं इंजिन धडधडतंय, तुमच्या तोंडावर मास्क. कान एकच, ओठ दिसेनात. काय करू मी?"

क्षमाला हसू आलं, आणि रडूही. "मला वाटलं, तुम्ही माझा डाग बघताय."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कसला डाग? प्रज्योत तसं म्हणाला नाही.

"तोही दिसला," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पहिल्या सरावाला मी ओठ बघत होतो, ओळ कुठे सुटते ते कळावं म्हणून. नंतर... नंतर सगळंच बघायला लागलो. तुम्ही वरचा सूर लावता ना, तेव्हा तो गाल उजळतो. रातांब्यातून ऊन यावं तसा."

शाळेपासूनच्या 'सांडलेल्या शाई'वर कुणीतरी एवढ्या साधेपणाने हात फिरवला होता. क्षमा पायाखालच्या बोंडाकडे बघत राहिली.

"मग मी डावीकडे बसा म्हटलं, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मागितलंत... आणि खरं सांगू? भीती. एका कानाचा तबलजी कोण ठेवून घेईल? बाबांना सांगू नका, हं."

"मी नाही सांगणार. पण असं लपवून राहायला बरं वाटतं का?"

"हे तुम्ही मला विचारताय?" तो हळूच म्हणाला. त्याची नजर तिच्या मनगटावर लोंबणाऱ्या मास्ककडे गेली.

घरी जाताना स्कूटरवर वारा गालाला लागत होता. मास्क मनगटावरच राहिला होता.

ईस्टरनंतरचा रविवार आला. हॉलमध्ये मोगऱ्याचा हार ताटात ठेवलेला. पूर्वरंग संपला की मंडळीतला वडीलधारा कीर्तनकाराला हार घालतो, आणि ज्याच्या गळ्यात हार, पुढची कथा त्याची. बाबांनी क्षमाला पुन्हा विचारलं नव्हतं. विचारून दमले होते बिचारे.

सुरुवातीला प्रज्योत तबला-डग्गा उचलून उजवीकडे गेला. बसला नाही. उभा राहिला, घसा खाकरला.

"मंडळी... माझा उजवा कान ऐकत नाही. म्हणून मी इकडेच बसणार. हरमलला ठेका चुकला तो त्यामुळे. कुणाला नावं ठेवायची असतील, तर कृपा करून डाव्या कानात ठेवा. उजव्यात वाया जातील."

हॉलमध्ये हशा पिकला. विठूतात्यांनी टाळी वाजवली. बाबा म्हणाले, "अरे, माझे दोन्ही धड आहेत, पण ही चंद्रभागा म्हणते मी तिचं काही ऐकत नाही!"

"एकाच कानाने एवढं वाजवतोय," आत्या पेटीचा भाता सोडत म्हणाली, "दोन असते तर आम्हाला कुणी विचारलं नसतं."

सगळे हसत होते. क्षमाला मात्र त्याने घामेजले तळवे सदऱ्याला पुसलेले दिसले. एवढा घाबरला होता... तरी बोलला होता.

पूर्वरंग संपला. विठूतात्या थरथरत्या हातांत हार घेऊन बाबांकडे निघाले. आणि क्षमा मागच्या रांगेतून पुढे आली. तिने वेणी पाठीवर टाकली, गालावर उतरलेल्या बटा कानामागे सारल्या.

"तात्या... इकडे," म्हणत तिने मान लववली.

तात्या बाबांकडे बघत राहिले. बाबांनी चिपळ्या लेकीच्या हातात दिल्या, उपरणं तिच्या खांद्यावर ठेवलं, आणि झांज घेऊन मागे जाऊन उभे राहिले — झील धरायला!

उघडे डोळे. सगळ्यांचे. क्षमाने उजवीकडे पाहिलं. प्रज्योतचा डावा कान तिच्याकडे होता, आणि नजर तिच्या ओठांवर.

"मंडळी," ती म्हणाली, "देवाने आपल्या लेकाला मरणातून उठवलं. त्याला काय अशक्य होतं? खिळ्यांच्या खुणा पुसता आल्या नसत्या? नवं कोरं शरीर देताना हात नितळ करता आले नसते? पण नाही पुसल्या. बंद दारांआडून प्रभू आत आला, आणि खुणा पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणणाऱ्या थोमाला त्याने मुकुट दाखवला नाही, तेज दाखवलं नाही. हात पुढे केले. भोकं पडलेले हात. म्हणाला, बघ, मीच आहे..."

"उठला राजा, घाव न पुसले ।
घावांमधुनी ऊन दिसले ॥"

बाबांनी मागून ओळ उचलली, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. ठेका असा चालला होता की क्षमाला पावलं टाकावीच लागली नाहीत. तोच तिला नेत होता.

"मी इतकी वर्षं देवाला सांगत होते, एवढं एक पुसून टाक," ती म्हणाली, आणि हात आपोआप गालावर गेला. "त्याने स्वतःचं पुसलं नाही मंडळी. मग माझं ठेवलं, तर मला परकी समजून नाही ठेवलं."

शेवटच्या प्रार्थनेनंतर कुणीच लवकर उठलं नाही. आत्या पेटीवर डोकं टेकून डोळे पुसत होती. "डोळ्यांत धूळ गेली गं," म्हणाली. हॉलमध्ये धूळ नव्हती.

संध्याकाळी पेटी परत तेरेखोलला न्यायची होती. ती प्रज्योतच्या मोटरसायकलला बांधली गेली. शेजारी क्षमाची स्कूटर. आत्या बसने निघाली होती. जाताना उगीचच म्हणाली, "सावकाश या. फेरीबोट काय, दुसरीही मिळते."

केरीहून बोट सुटली. तेरेखोलच्या किल्ल्यावर केशरी ऊन उतरलं होतं. दोघं कठड्याला टेकली. सवयीने प्रज्योत तिच्या उजवीकडे. आज ती वळली नाही.

"क्षमा," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडून स्वतःचं नाव तिला नवीनच वाटलं. "बाबांशी बोलणार आहे मी. पण आधी तुला विचारतो. गाड्या दुरुस्त करणारा माणूस, एक कान बंद. चालेल?"

ती सरकत सरकत, त्याच्या मागून, त्याच्या उजव्या बाजूला गेली. त्या बंद कानाशी अगदी जवळ तोंड नेऊन हळूच काहीतरी बोलली. बरंच काही बोलली.

"अगं, त्या बाजूला नको! काहीच कळलं नाही."

"ठाऊक आहे," ती हसली. "जे बोलायचा धीर नव्हता, ते तिकडे बोलून घेतलं."

"हे बरं नाही, हं. परत सांग."

"परत तेरेखोलाक जातंस मगे?" मागून तोच खलाशी ओरडला. "आज गाडी बंद नाय ना पडली?"

क्षमा निघाली. सगळा वळसा घालून ती त्याच्या डाव्या बाजूला आली, मावळतीचं सगळं ऊन उजव्या गालावर घेऊन. खाडीच्या वाऱ्याने केस मागे उडाले. तिने ते धरले नाहीत.

"आता बघ माझ्या ओठांकडे," ती म्हणाली. "आणि ऐकही. हो."