उर्दू रुमालांची यादी

१९७६ च्या वैशाखात आष्टीच्या वाटेवरच्या एका कचेरीत वरून हुकूम आला, की जुनं दप्तर नीट लावा, यादी करा, वाळवी लागू देऊ नका. रेकॉर्ड कीपर तातेरावांना हे काम नको होतं, आणि का नको होतं ते त्यांना एकट्यालाच ठाऊक होतं.

पाच वर्षांपूर्वी असाच एक हुकूम आला होता. कामाचं ते जपा, बिनकामाच्या कागदांवर ‘ड’ लिहा आणि जाळा. निजामाच्या काळातले कापडात बांधलेले गठ्ठे, कचेरीत त्यांना रुमाल म्हणत, ते सगळे उर्दूत. तातेरावांना उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. शिपाई कडूबा निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेला. पण शिपायाकडून वाचून घ्यायचं म्हणजे साहेबाची मान खाली जाणार ना! भल्या माणसानं काम सोपं केलं. एकेचाळीस रुमालांवर डोळे झाकून ‘ड’ ओढला.

महिन्याभरात झुंबरबाई आली. तिचा नवरा पुंजाराम जे शेत कसत होता, त्याची जुनी नोंद तिला कोर्टात दाखवायची होती. ती नोंद राख झाली होती. शोधतोय बाई, पुढल्या सोमवारी या, असं तातेराव दोन वर्षं सांगत राहिले. शेत गेलं. मागच्या पौषात झुंबरबाईही गेली. तेव्हापासून सोमवारी तातेरावांच्या घशाखाली घास उतरत नसे.

तर त्या वैशाखातल्या एका दुपारी यादी सुरू झाली. मांडण्यांमागून कडूबा पुकारायचा, तातेराव मान खाली घालून लिहायचे. बाहेर ऊन रणरणत होतं, आत डांबरगोळ्यांचा वास. हळूहळू त्यात जळक्या कापडाचा वास मिसळला. पुकारणं चालूच होतं, पण आवाज बारीक झाला होता… शेताचा नंबर… चतुःसीमा… कसणारा, पुंजाराम…

तातेरावांचा पेन थांबला. “कडूबा?”

“जी साहेब.” कडूबा दारातून आत आला, हातात पाण्याचा तांब्या. “हिरीवर गेल्तो. लई येळ झाला का?”

कडूबानं टेबलावरचा कागद उचलला आणि त्याचा चेहरा उतरला.

“साहेब… तुमाला उर्दू कवापासून यायला लागलं?”

कागदभर उर्दू होतं, शाई अजून ओली. कडूबानं सावकाश वाचलं. “झुंबरबाईला पाह्यजे व्हती ती नक्कल हाये. बिलकुल बराबर. मंग मूळ कुठंय?”

“मी जाळलं.” पाच वर्षांत पहिल्यांदा ते तोंडातून निघालं. “न वाचता. तुला विचारायची लाज वाटली.”

कडूबा तांब्या ठेवून समोर बसला. क्षणभर तातेरावांना वाटलं, कबूल केलं, आता सुटलो.

मांडणीमागं कापडाची गाठ सोडल्याचा आवाज झाला.

“एकेचाळिसातला दुसरा रुमाल…” बारीक आवाज म्हणाला.

कडूबाचे ओठ मिटलेले होते. तातेरावांनी हात मागं घ्यायचा फार प्रयत्न केला. पेन कागदाच्या उजव्या कडेला, उर्दू ओळ सुरू होते तिथं, जाऊन टेकला.