गाठ सोडलेली चिंधी

"चिंध्यांची पेटी यापुढे धाकटीकडे राहू दे. तिला गोधडी शिवायचीय," सासूबाई सहज बोलून गेल्या, आणि थोरल्या सुनेचा पाय मशीनच्या पॅडलवर थबकला.

"राहू दे की! माझं काय जातंय?" ती म्हणाली खरी, पण आतल्या आत तिचा जीव करपून गेला.

ती पेटी...! सासरे गेले तेव्हापासून तिने शिवलेल्या प्रत्येक कपड्याचा उरलासुरला तुकडा त्या पेटीत होता. दिराचे शाळेचे शर्ट, नणंदेचे फ्रॉक, गिऱ्हाइकांचे पडदे. याच मशीनवर मान मोडून तिने दिराला शिकवलं, नणंदेला उजवलं, आणि काल आलेली ही दिराची बायको मात्र आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली!

मग तर घरात दुसरा विषयच उरला नाही. धाकटीचा टाका वाकडातिकडा, तरी सासूबाई शेजारी बसून कौतुकाने तिला सुईत दोरा ओवून देत होत्या! थोरली दारात आली की दोघी गप्प. तिच्या अंगाचा तिळपापड होई. 'मला कधी दिला होता कुणी दोरा ओवून?'

एक दिवस धाकटी तिच्याकडे आली. "ताई, कडेला लाल हवंय हो. पेटीत कुठं सापडत नाही."

लाल होतं. रंग जाणाऱ्या कापडाच्या टोकाला गाठ मारून ते वेगळं ठेवायचं, ही या घरची जुनी रीत. गाठ दिसली की ते कुणी वापरायचं नाही. थोरलीने कपाटातून ते लाल कापड काढलं, पाठमोरी होऊन गाठ सोडली, टोकावर इस्त्री फिरवली आणि शांतपणे पुढे केलं.

"घे. शोभून दिसेल."

"तुम्ही होता म्हणून, ताई!" धाकटी आनंदाने उद्गारली.

गोधडी पुरी झाली, धुवायला पाण्यात पडली, आणि न्हाणीघरातून सासूबाईंचा आवाज चढला. थोरली धावत गेली. बादलीतलं पाणी लालभडक झालं होतं! मधला मोठा पांढरा चौकोन डागांनी भरला होता.

"एवढंही कळत नाही तुला? रंग बघून नाही घ्यायचा?" सासूबाई कडाडल्या.

"चुकलंच माझं, आई," धाकटी मान खाली घालून म्हणाली. ताईंनी दिलं, हे मात्र तिच्या तोंडून आलं नाही.

हेच तर हवं होतं थोरलीला! मग ते लाल पाणी तिला बघवत का नव्हतं...?

"ही गोधडी ताईंसाठीच करत होते हो," धाकटी हुंदके देत म्हणाली. "अख्खी पेटी उपसली. सगळ्यांच्या कपड्यांचे तुकडे मिळाले, ताईंच्या कपड्याचा एकही नाही! त्यांनी स्वतःसाठी कधी काही शिवलंच नाही. म्हणून तो चौकोन कोरा ठेवला होता. गोधडी हातात देताना ताईंकडूनच एक तुकडा मागून घेणार होते."

थोरली बादलीशेजारी खाली बसली.

"ती नाही चुकली, आई... मी! गाठ मी सोडली! जळत होते मी हिच्यावर..."

धाकटी पदर सावरायचंही विसरून तिच्याकडे बघत राहिली. ते लालबुंद डोळे थोरलीला सोसवेनात.

"मला विचारायचं तरी होतं, ताई," धाकटी म्हणाली.

सासूबाई उठून बाहेर गेल्या. आता आपल्याला या घरात तोंड दाखवायला जागा उरली नाही, असं थोरलीला वाटलं. पण त्या परत आल्या, तेव्हा त्यांच्या हातात मशीनवरची टेप होती.

"ऊठ. सरळ उभी राहा."

"आई...?"

"सगळ्या जगाची मापं घेतलीस, तुझं घ्यायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही!" म्हाताऱ्या हातांनी त्यांनी तिच्या खांद्यांवर टेप लावली. "आधी तुझ्यासाठी काहीतरी शिवू. त्यातून उरेल ते त्या डागांवर लावू."

धाकटीने डोळे पुसले आणि टेपचं दुसरं टोक धरलं.