उसना श्वास

१९७४ साल. हिवाळा, डिसेंबरचा शेवटचा आठवडा. प्रयोगशाळेतल्या बाईंनी दुपारी निरोप धाडला, पंप बघून जा. मी पंपांचा मिस्त्री. गेलो.

खोलीभर लांब, तांब्याची चौकोनी नळी. टोकाला काचेचा फुगा. फुंक्याच्या हातचा, शेवटचा. फुंक्या म्हणजे आमचा काच फुंकणारा. एकदा नायट्रोजनच्या खोलीत वायू गळून श्वास कोंडला आणि मी कोसळलो, तेव्हा त्याने मला फरफटत बाहेर काढलं आणि तोंडाला तोंड लावून श्वास भरला. शुद्धीवर आलो तर हसत होता. "उसना दिलाय, गड्या. परत घेणार."

पावसाळ्यात तो छातीच्या दुखण्याने गेला. शेवटची धाप मी उशाशी बसून ऐकली. काही करता आलं नाही.

बाईंनी विचारलं, "मिस्त्री, नळी रिकामी आहे ना?"

"आहे. दाबाचा काटा तळाला आहे."

"मग हे पाणी कुठून येतंय?"

नळीत सूक्ष्म लहरी सोडतात. वायूचा प्रत्येक रेणू आपल्याच ठरल्या गतीने गिरक्या घेतो, आणि जुळेल तेवढीच लहर गिळतो. तिथे कागदावर पेन उसळतं. त्यावरून बाई रेणूची घडण काढतात, कोणता अणू कोणापासून किती लांब. न दिसणाऱ्याचं माप! त्या खोलीत जाताना मी चपला बाहेर काढत असे. कोणी सांगितलं नव्हतं.

पेन पाण्याच्या रेणूच्या जागी उसळलं. उतरलं. पुन्हा उसळलं.

"गळती असेल."

"गळती चढत जाते, मिस्त्री. उतरत नाही." बाईंचा आवाज खाली आला. "हे तर... कोणी श्वास घेतंय."

मी पंप बंद केला. उरली पेनाची खरखर. उसळी लहान होत गेली, मधली शांतता लांबत गेली. ती धाप मी ओळखली.

"फुंक्या?"

पेन थबकलं.

मी फुग्याच्या तोटीला तोंड लावलं.

"अहो, उघडू नका! वर्षभराचं काम जाईल..."

उघडली. वाटलं, हवा सणसणत आत ओढली जाईल. तसं झालं नाही. पलीकडून कोणीतरी माझा श्वास हळूच घेतला, तहानलेल्याने पाणी प्यावं तसा. छाती रिकामी होईपर्यंत. मग मी तोटी बंद केली.

काटा तळालाच होता. पेन एकदाच कागदाच्या कडेपर्यंत उसळलं, आणि सरळ चालू लागलं.

बाईंनी फुग्याकडे बोट केलं. काचेवर आतून वाफ धरली होती. तोंडाएवढी.

"मिस्त्री... हे काय?"

"उसनं होतं. फेडलं."