विपुलने दिलेली साक्ष

अकोल्याहून अमरावतीस निघालेल्या एस.टी.त, चैत्राच्या रणरणत्या दुपारी, विपुलच्या जीवनात साधना नावाच्या तरुणीने प्रवेश केला.

"ओ भाऊ, खिडकीपाशी मले बसू द्या न. मले बस लागते."

"आन् मले लागली तं?"

"लागू द्या. मी नर्स हावो, पाहून घेईन!"

विपुल हसून सरकला. दोन्ही शहरांच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा तरुण संघ दर महिन्यास अमरावतीच्या चर्चमध्ये भरे. दोघेही तिकडेच निघाले होते. मूर्तिजापूर येईपर्यंत त्याचे मन तिच्या मोकळ्या हास्यात गुंतून गेले होते...

वैशाखात घरच्यांनी होकार दिला. दिवाळीनंतर लग्न ठरले.

एके दुपारी तो तिच्या अकोल्याच्या खोलीवर कूलर दुरुस्त करण्यास गेला. पंखा फिरला, ओल्या वाळ्याचा गंध खोलीभर दरवळला. तिच्या मनगटावर पाण्याचे थेंब होते. त्याने ते मनगट धरले — तिने सोडवले नाही. तिचे कपाळ त्याच्या छातीवर टेकले. त्याचा हात दाराच्या कडीकडे गेला...

"विपुल, थांब."

"काहून? लग्न तं होऊनच राह्यलं न आपलं."

"म्हणूनच थांब. मलेही वाटते रे... मी काई दगड नाई. पण प्रभूपुढं खाली मान घालून उभं राह्यचं नाही मले." तिने स्वतः दार उघडले. "जा आता. लवकर जा... नाही तं माह्याच्यानं तुले धाडणं होणार नाही."

तो जिना उतरला तेव्हा त्याचे अंतःकरण तिच्याविषयीच्या आदराने भरून आले होते.

पुढच्या सभेत साक्षीची वेळ आली. प्रभूने ज्याला सांभाळले त्याने उभे राहून सांगावे, अशी तेथील रीत. विपुल उभा राहिला. घडले तसेच सांगण्याचा त्याचा निश्चय होता. परंतु पहिल्याच वाक्याला "आमेन" उमटले, माना उंचावल्या, आणि त्याची जीभ भलतीकडेच वळली —

"अकोल्यातील एका खोलीत एका तरुणीच्या रूपाने मोह माझ्यापुढे उभा राहिला. परंतु मी दार उघडून बाहेर पडलो!"

"आमेन!"

दोघांचे लग्न ठरल्याचे सर्वांना ठाऊक होते; नजरा स्त्रियांच्या बाकांकडे वळल्या. तेथे साधना बसली होती. तरुणांच्या साक्षी ऐकण्यास आलेल्या, शेजारच्या वृद्ध पार्बताबाई किंचित दूर सरकल्या.

सभा सुटल्यावर तो तिच्यामागे फाटकापर्यंत धावला.

"दार कोनं उघडलं होतं, विपुल?"

"तू... तोंडातून निघून गेलं, साधना."

"निघून नाही गेलं. लोकाइचं आमेन तुले गोड लागलं."

"पुढच्या खेपेले मी सगळ्याइसमोर खरं सांगतो. मले माफ कर."

"माफ तं बसल्या जागीच केलं. खरंही सांग. पण तुह्याशी संसार..." तिने रिक्षाला हात केला. "तुह्याजवळ मन उघडं कराचं आता मले भेव वाटते रे."

ती रिक्षात बसून निघून गेली.

पुढच्या महिन्यात विपुलने भरसभेत सत्य सांगितले. "'थांब' ती म्हणाली, मी नाही. आणि तिचे श्रेय मी चोरले." या वेळी कोणीही आमेन म्हटले नाही. पार्बताबाईंनी पदराने डोळे पुसले.

"आता हे त्या पोरीले कोन सांगीन, बाबू?"

साधनेने दूर यवतमाळला नोकरी धरली होती, आणि तिचा नवा नंबर कोणाजवळही नव्हता.